प्लॉटच्या तक्त्यांतून सदाहरित जंगल शोधताना

वनविभागाकडून आलेली एक्सेलची फाईल उघडली आणि झाडांच्या यादीत सगळ्यात वर, सर्वांत मोठ्या संख्येनं, अंजन दिसला. अंजन म्हणजे हार्डविकिया. खानदेश-विदर्भातल्या तापलेल्या, खडकाळ जमिनीवर वाढणारं झाड. आणि आमचे प्लॉट, म्हणजे झाडं मोजण्यासाठी आखलेले चौकोन, होते महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या घाटमाथ्यावर, जिथे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे अंजन आपणहून उगवत असेल तर सगळंच नव्यानं लिहायला घ्यावं लागलं असतं.

उलगडा सोपा होता. मोजणीच्या टोळीनं फॉर्मवर 'अंजनी' लिहिलेलं. ज्यानं फॉर्म संगणकात भरले त्याच्या यादीत अंजनी नव्हतीच, म्हणून त्यानं त्यातल्या त्यात जवळचं नाव निवडलं आणि पुढे गेला. आता अंजनी, म्हणजे मेमेसायलॉन, हे आमच्या सदाहरित जंगलाचं मुख्य झाड. महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंत अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांनी मिळून ते जंगल उभं केलंय. म्हणजे चूक एका किरकोळ झाडाची नव्हती. त्या फाईलवरून कुणी सरळ गणित मांडलं असतं तर अख्खं ओलं जंगल कोरड्या जंगलाच्या खात्यावर जमा झालं असतं.

मी वनस्पतिशास्त्राची. शिक्षण कोल्हापुरात झालं आणि नंतर नकाशे आणि आकडेमोडीकडे वळले. आमच्या लहानशा संस्थेकडे काम आलं होतं ते असं: घाटमाथ्याच्या एका पट्ट्यात सदाहरित आणि निमसदाहरित जंगलांची अवस्था काय आहे, टिकतील का, कुठे ढासळताहेत, हे सांगा. नव्या सर्वेक्षणाला पैसे नाहीत. वनविभागानं कार्य आयोजनेसाठी केलेली मोजणी आहे, तीच वापरा. विभागाचं नाव इथे देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या थोड्याफार फरकानं सगळीकडे सापडतील.

कार्य आयोजना म्हणजे एका वनविभागाचा साधारण दहा वर्षांचा आराखडा. कुठल्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यात, काय आहे, काय लावायचं, काय काढायचं, काय राखायचं, ते त्यात येतं. 2014 च्या राष्ट्रीय संहितेनंतर त्यासाठी नकाशावर जाळी टाकून, ठरलेल्या बिंदूंवर नमुना प्लॉट मोजतात. प्लॉट 0.1 हेक्टरचा, चौरस, बाजू 31.62 मीटर. केंद्रावर उभं राहून चारही कोपऱ्यांकडे 22.36 मीटरचे अर्धे कर्ण टाकायचे, दोऱ्या ताणायच्या आणि आतलं प्रत्येक झाड मोजायचं. अट एकच: जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा व्यास किमान 10 सेंटिमीटर हवा. त्याहून बारीक असलेलं सगळं छोट्या चौकटींत जातं. 3 मीटर × 3 मीटरमध्ये झुडपं आणि रोपं, 1 मीटर × 1 मीटरमध्ये गवत आणि बारीकसारीक वनस्पती, 5 मीटर × 5 मीटरमध्ये पडलेलं, वाळलेलं लाकूड.

या पद्धतीचा उगम लाकडात आहे हे विसरून चालत नाही. आपल्याकडे देशपातळीवरची वनमोजणी 1965 मध्ये सुरू झाली ती गुंतवणूकपूर्व सर्वेक्षण म्हणून: लाकडावर चालणारे कारखाने काढायचे तर कच्चा माल किती, याचा अंदाज हवा होता. त्याच यंत्रणेचं 1981 मध्ये भारतीय वन सर्वेक्षण झालं. पुढे कार्बन आला, जैवविविधता आली, फॉर्मवर रकाने वाढले. पण सांगाडा तोच. अजूनही गोषवाऱ्यात साग एका बाजूला आणि बाकी सगळं 'आडजात'. ज्या जंगलात सागाचं झाड औषधालाही नाही, तिथला गोषवारा म्हणजे नव्वद-पंच्याण्णव टक्के आडजात आणि खाली सही.

म्हणून पहिला निर्णय हा घेतला की छापील गोषवारे बाजूला ठेवायचे आणि एकेका झाडाच्या मूळ नोंदीपर्यंत जायचं.

प्रश्न नेमके काय विचारायचे, याची चौकट मात्र युरोपातून उचलली. तिथे युरोपीय संघाचा 1992 चा अधिवास निर्देश आहे, म्हणजे नैसर्गिक अधिवास राखण्याचा कायदा. त्याखाली प्रत्येक सदस्य देशाला दर 6 वर्षांनी आपल्या अधिवासांचा हिशेब द्यावा लागतो आणि तो चार मथळ्यांखाली असतो: अधिवास कुठवर पसरलाय, प्रत्यक्ष क्षेत्र किती, रचना आणि कार्य कसं आहे, आणि पुढची लक्षणं काय. जर्मनीसारखे देश यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं राष्ट्रीय वनमोजणीतून काढतात, निदान बीच नावाच्या झाडाच्या जंगलांसारख्या सर्वदूर पसरलेल्या प्रकारांसाठी. आपल्याकडे असा कायदा नाही, पण प्रश्न वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय 'जंगल चांगलं आहे की वाईट' या मोघम प्रश्नापेक्षा हे चार प्रश्न पुष्कळ बरे. निदान कशाचं उत्तर आपल्याकडे नाही, ते तरी कळतं.

नावांची साफसफाई हे सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात महत्त्वाचं काम निघालं. ऐन, येन, सादडा: तिन्ही एकच झाड, फक्त फॉर्म भरणारा कोकणातला की विदर्भातला की खानदेशातला, एवढाच फरक. किंजळ आणि किंदळ. जांभूळ, जांभळ, जामून. पारजांभूळ मात्र जांभूळ नव्हे, ते ऑलिव्हच्या कुळातलं, पण काही फॉर्मवर त्याचा 'पार' गळलेला. 'रानबिब्बा' कुणी बिब्ब्यात ढकललेला. बिब्बा पानगळीचा, रानबिब्बा सदाहरित, म्हणजे पुन्हा पारडं उलट्या बाजूला. जी नावं उंची, पाऊस आणि शेजारची झाडं पाहून घरबसल्या सुटली ती सोडवली. जी सुटेनात त्या प्लॉटवर जाणं आलं.

सोबत बीटचे वनरक्षक आणि वाटाड्या म्हणून खालच्या गावातले एक काका. वनरक्षक लातूरकडचा तरुण मुलगा, नोकरी लागून थोडाच काळ झालेला. घाटातली निम्मी झाडं त्याला ओळखू येत नसत आणि तो ते मोकळेपणानं सांगायचा. काकांना झाड दाखवलं की नाव, उपयोग आणि ते कुणाच्या बापजाद्यानं कधी तोडलं होतं, एवढं सगळं मिळायचं.

जीपीएसनं आम्हाला बिंदूपर्यंत नेलं, म्हणजे बिंदूच्या आसपास. दाट छताखाली त्याचा आकडा नाचत असतो. जुन्या मोजणीचा गेरूचा पट्टा एका जांभळीच्या खोडावर पुसट दिसला तेव्हा जागा नक्की झाली. मी दोरी ताणून पहिल्या अंजनीपाशी बसले. बुंधा जमिनीलगतच फुटलेला आणि त्यातून पाच खोडं वर गेलेली, वाकडी, सालीवर उभ्या बारीक चिरा. टेप 1.37 मीटरवर गुंडाळला. 10 सेंटिमीटर व्यास म्हणजे साधारण 31 सेंटिमीटर घेर. पहिल्या खोडाचा घेर 34 सेंटिमीटर, मोजणीत बसलं. दुसरं 29, गेलं. तिसरं 33, बसलं. चौथं-पाचवं मनगटाएवढं, गेली. नियम असा की खोड छातीच्या खाली फुटलेलं असेल तर प्रत्येक फांदा वेगळं झाड धरायचा. म्हणजे समोर एक अंजनी, फॉर्मवर झाडं दोन, आणि तीन खोडं कुठेच नाहीत.

काका शेजारी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "बाय, ह्येका कोण मोजता? सरपणाचा झाड ता."

"तोडायचे का काका इथे?"

"तर! कोळशाच्यो भट्टयो होत्यो हय. तो खड्डो बघ."

खरंच होता. उतारावर गोल, सपाट केलेली जागा, माती काळी, आणि खोदून पाहिलं तर कोळशाचे तुकडे. सह्याद्रीत ठेकेदारांनी कोळशासाठी जंगलं कापली हे वाचून ठाऊक होतं. पण प्लॉटच्या नोंदींत ते कसं उमटतं, ते या जागी बसल्यावर उलगडलं. अंजनी कापली की बुडख्यातून पुन्हा फुटते, एकाऐवजी पाच-सात खोडांनी. ती वाढून 10 सेंटिमीटरची मर्यादा ओलांडायला लागली की हेक्टरी झाडांचा आकडा फुगतो. म्हणजे आमच्या फाईलमधले 'सर्वाधिक दाटीचे' प्लॉट, जे गोषवाऱ्यात सगळ्यात निरोगी दिसत होते, त्यांतले बरेचसे कापून पुन्हा फुटलेले होते. आणि जिथे मोठाले जांभूळ-पिसा उभे, मधे मोकळी सावली, खाली रोपं, तिथे झाडांची संख्या कमी म्हणून शेरा 'विरळ'.

त्या दिवसानंतर मी झाडांची संख्या मुख्य निकष म्हणून सोडून दिली. त्याऐवजी खोडछेद घेतला, म्हणजे सगळी खोडं छातीच्या उंचीवर आडवी कापली तर कापलेल्या भागांचं एकूण क्षेत्रफळ. बारीक खोडांनी तो सहजासहजी फुगत नाही. 10 सेंटिमीटर व्यासाची छत्तीस खोडं मिळून 60 सेंटिमीटरच्या एका झाडाएवढी भरतात.

मग प्रत्येक प्लॉट कुठल्या अधिवासात टाकायचा, हा प्रश्न. वनविभागात आजही चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांचं 1968 चं वर्गीकरण चालतं: देशभरात 16 मुख्य गट, त्याखाली दोनशेहून जास्त उपप्रकार. आमच्या पट्ट्यात पश्चिम किनाऱ्याचं सदाहरित, निमसदाहरित, ओलं पानगळी, आणि माथ्यावर पश्चिमी उपोष्ण डोंगरी जंगल. कागदावर सीमा स्वच्छ. जमिनीवर एकाच उतारावर चालत गेलं तर ओढ्यालगत सदाहरित, पन्नास पावलं वर निमसदाहरित, आणि कड्याच्या कडेला ऐन-किंजळ. नकाशावर तिन्ही एकाच रंगात.

मी प्लॉटनिहाय नियम केला. खोडछेदात सदाहरित झाडांचा वाटा किती, यावरून प्रकार ठरवायचा. नकाशाचा रंग फक्त ताडून बघायला. कुठे रेघ मारायची याबद्दल आमच्यात बरेच वाद झाले. एका सहकाऱ्याचं म्हणणं, अर्ध्याहून अधिक सदाहरित म्हणजे सदाहरित, कशाला गुंता. मला ते पटेना, कारण चांदाडा हाही सदाहरितात मोडतो. पण चांदाडा हे जखमेवरच्या खपलीसारखं झाड. छत फुटलं, ऊन आत आलं की पहिल्यांदा तो उगवतो. शेवटी चांदाडा, कुंभा आणि गेळा यांना वेगळं काढून 'विस्कटलेपणाची झाडं' असा गट केला. अंजनी-जांभूळ-पिसा-पारजांभूळ-फणशी यांचा वाटा एका बाजूला आणि या गटाचा दुसऱ्या. दोन्ही आकडे एकत्र वाचले की प्लॉटची कहाणी बऱ्यापैकी कळते. अंजनी भरपूर आणि चांदाडाही भरपूर, म्हणजे अलीकडे काहीतरी घडलंय. रस्ता, वणवा, तोड, पडलेलं मोठं झाड, काहीही. कारण तक्ता सांगत नाही. फक्त 'इथे जाऊन बघा' एवढं म्हणतो. तेही काही कमी नाही.

रचना आणि कार्य या तिसऱ्या मथळ्याला खरा माल एका दुर्लक्षित रकान्यात मिळाला. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' असतो. लाकडाच्या हिशेबात त्याचा उपयोग म्हणजे झाड सरळ की वाकडं, निकोप की पोकळ, हे टिपणं, कारण पोकळ झाडाला बाजारात किंमत नाही. त्या रकान्यात अनेक ठिकाणी 'पोकळ', 'ढोली', 'शेंडा वाळलेला' असं लिहिलेलं. संगणकात भरताना बऱ्याच जणांनी तो रकाना सोडून दिला होता, म्हणून मी कागदी फॉर्म मागवले आणि ते शेरे हातानं उतरवून घेतले. धनेश ढोलीशिवाय घरटं करू शकत नाही. उडत्या खारी, घुबडं, रानमांजरं, मधमाश्या, सगळ्यांचा संसार अशा झाडांत. 60 सेंटिमीटरच्या वरची किती झाडं आणि त्यांतली किती पोकळ, हे नकाशावर टाकलं तेव्हा पट्ट्याचं चित्र पहिल्यांदाच काहीतरी बोलू लागलं. मोठी पोकळ झाडं सारखी पसरलेली नव्हती. ती ओढ्यांच्या उगमांजवळ, देवरायांच्या कडेनं आणि पोहोचायला अवघड अशा घळींत गोळा झालेली. मधल्या सरळ उतारांवर, जिथे बैलगाडी आणि नंतर ट्रक पोहोचले, तिथे जवळजवळ नव्हतीच.

वाळक्या लाकडाच्या रकान्याची मात्र निराशा. 5 मीटर × 5 मीटरच्या चौकटीत एक मोठं पडलेलं झाड आलं की आकडा आभाळाला भिडतो, नाही आलं की शून्य. आणि इतके शून्य होते, की टोळ्यांनी ती चौकट खरंच टाकली की फॉर्म भरायचा म्हणून भरला, अशी शंका येत राहिली. वापरला नाही.

रोपांचंही तसंच, फक्त उलट बाजूनं. चार चौकटी 3 मीटर × 3 मीटरच्या, म्हणजे मोजलेलं क्षेत्र अवघं 36 चौरस मीटर. त्यावरून हेक्टरी हिशेब करताना प्रत्येक रोपाचा गुणाकार जवळपास 278 नं होतो. एका प्लॉटमध्ये पिश्याची तीन रोपं दिसली तर अहवालात 'हेक्टरी 833 रोपं, पुनरुत्पादन समाधानकारक' असं छापून येतं. दोन पावलं डावीकडे चौकट टाकली असती तर कदाचित 'शून्य, असमाधानकारक'. एकेका प्लॉटवर असा शिक्का मारायचाच नाही, असं ठरवलं. त्याऐवजी त्या प्रकारचे सगळे प्लॉट एकत्र घेतले आणि फक्त एवढं पाहिलं: वर उभी असलेली झाडं खाली रोपांत सापडतात का? जांभूळ सापडत होतं. पिसा सापडत होता. काही जातींची वर धिप्पाड झाडं आणि खाली जवळपास काहीच नाही. आणि पायवाटांच्या, गाड्यांच्या रस्त्यांच्या कडेचे प्लॉट रानमोडीच्या तणानं भरलेले, तिथे रोपांना उगवायला जागाच उरलेली नव्हती.

आता क्षेत्राचा प्रश्न. इथे मोजणी मोठ्या, सर्वदूर पसरलेल्या प्रकारांसाठी चांगली आणि छोट्या, दुर्मिळ अधिवासांसाठी आंधळी. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे भागात रानजायफळाचं दलदलीचं जंगल आहे. महाराष्ट्रात असलं जंगल फारच थोडं. पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, देवराई म्हणून गावानं राखलेलं, आणि आता जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेलं. त्याचा विस्तार दोन-अडीच हेक्टरांच्या घरातला. भारतीय वन सर्वेक्षणाची आताची देशव्यापी जाळी 5 किलोमीटर × 5 किलोमीटरची आहे, म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला 2,500 हेक्टर. अशा दलदलीवर बिंदू पडण्याची शक्यता हजारात एक. कार्य आयोजनेची जाळी याहून पुष्कळ दाट असली तरी प्रमाण मनात आणायला हे उदाहरण पुरे. प्लॉटच्या तक्त्यात रानजायफळ नाही, यावरून ते जंगल नाही असा अर्थ काढणारा माणूस अजून भेटलेला नाही. पण तक्त्यावरून आपोआप नकाशा काढणारं सॉफ्टवेअर तेच करतं, आणि नकाशा एकदा छापला की लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. त्यामुळे दलदली, ओढ्याकाठची जंगलं आणि देवराया यांच्यासाठी आमच्या अहवालात स्वतंत्र यादी केली, स्थानिक माणसांना विचारून आणि पायी फिरून. जर्मनीतही दुर्मिळ प्रकारांसाठी वनमोजणीवर विसंबत नाहीत, वेगळं नकाशांकन करतात, हे वाचून जरा धीर आला होता.

दुसरी अडचण खास कोकणातली. कार्य आयोजना फक्त वनविभागाच्या ताब्यातल्या जमिनीवर. घाटमाथ्यावर सरकारी जंगल पुष्कळ. पण कडा उतरून खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात आलं की बहुतेक झाडोरा मालकीचा. 1975 च्या खासगी वनसंपादन कायद्यानं काही जमिनी शासनाकडे आल्या, बऱ्याचशा वादांत अडकल्या, उरलेल्या लोकांकडे. सदाहरित जंगलाला सातबारा वाचता येत नाही. ते ओढ्याच्या कडेनं खाली मालकीच्या जमिनीत सरळ उतरतं, आणि आमचे प्लॉट मात्र हद्दीच्या दगडापाशी थांबतात. मालकीच्या बाजूला काय चाललंय, त्याचा एकही प्लॉट आमच्याकडे नव्हता. आणि खरी उलथापालथ तिथेच आहे: काजू, रबर, अननस. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयानं 2013 मध्ये बंदी घातली, ती उगाच नव्हे.

मग उपग्रह वापरा, असं सगळे सुचवतात. वापरला. पण दर दोन वर्षांनी येणाऱ्या वनस्थिती अहवालातली वनाच्छादनाची व्याख्या आठवा: किमान 1 हेक्टर जमीन, झाडांचं छत किमान 10 टक्के, मग जमीन कुणाचीही असो आणि झाड कुठलंही असो. 2021 च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन 50,798 चौरस किलोमीटर आहे. त्यात आमची अंजनी-पिश्याची घळ आहे आणि शेजारची रबराची बागही आहे. रबराची बाग वरून बघितली तर छान दाट, सलग, हिरवीगार दिसते. कधीकधी कापून फुटलेल्या अंजनीपेक्षाही दाट. जंगल तोडून तिथे रबर आला तर अहवालात चार-पाच वर्षं खड्डा दिसतो आणि मग भरून निघतो. इथे प्लॉटच्या जागी दुसरं काहीच चालत नाही, कारण जमिनीवर उभं राहून झाडाचं नाव विचारणारी दुसरी कुठलीच पद्धत नाही.

चौथा मथळा, पुढची लक्षणं. यासाठी किमान दोन मोजण्या हव्यात आणि दोन्ही एकमेकींशी जुळायला हव्यात. जुन्या कार्य आयोजनेचे तक्ते मिळवले, पिवळे पडलेले, टंकलेखन यंत्रावरचे. त्यात मोजणी वेगळ्या पद्धतीची, घेराचे गट वेगळे, आणि प्लॉटच्या जागा कक्षाच्या क्रमांकापलीकडे कुठेच नोंदवलेल्या नाहीत. तुलना करायची म्हटलं तर फक्त एक गोष्ट जमली: पूर्ण कक्षांमधल्या सर्वांत जाड गटातल्या झाडांचं प्रमाण. तीही दबक्या आवाजात. जर्मनीची मोजणी 1980 च्या दशकात सुरू झाल्यापासून प्लॉटच्या कोपऱ्यात जमिनीखाली लोखंडी खूण पुरतात आणि पुढच्या फेरीत धातुशोधकानं तीच खूण हुडकून तीच झाडं पुन्हा मोजतात. 2022 ची त्यांची मोजणी चौथी. आपल्या देशव्यापी जाळीचंही आता 5 वर्षांचं चक्र ठरलंय. कार्य आयोजनेच्या प्लॉटवर मात्र गेरू. तीन पावसाळ्यांत तो धुऊन जातो. आम्हाला जो पुसट पट्टा दिसला तो केवळ जांभळीच्या त्या बाजूला पाऊस लागत नव्हता म्हणून.

अहवाल दिला तेव्हा विभागीय कार्यालयात बैठक झाली. अधिकारी शहाणे होते, ऐकून घेणारे. त्यांना एकच आकडा हवा होता, 'सदाहरित अधिवासाची स्थिती: अमुक टक्के चांगली'. वर पाठवायचा तक्ता तसाच असतो, त्यांचाही नाइलाज. मी प्रत्येक प्रकारासाठी चार मथळ्यांखाली वेगवेगळा शेरा दिला होता आणि जिथे माहिती पुरेशी नाही तिथे तसं लिहिलं होतं. निमसदाहरितासाठी: क्षेत्र टिकून, रचना बिघडलेली, मोठी झाडं फक्त घळींत. सदाहरितासाठी: सरकारी जमिनीवर क्षेत्र टिकून, मालकीवर अज्ञात. दलदली आणि ओढ्याकाठासाठी: या मोजणीतून सांगता येत नाही.

"मॅडम, हे 'अज्ञात' वर गेलं तर प्रश्न येतील," एकजण म्हणाले.

"यायलाच हवेत ना सर."

ते हसले. मग चहा आला आणि चर्चा पुढच्या मोजणीवर गेली. तिथे मात्र माझ्याकडे मागण्या तयार होत्या. घाटमाथ्याच्या प्लॉटमध्ये 5 ते 10 सेंटिमीटरची खोडंही मोजावीत, निदान प्लॉटच्या एका चतुर्थांश भागात. बुडख्यातून फुटलेल्या खोडांना बुडख्याचा एकच क्रमांक द्यावा, म्हणजे झाडं किती आणि खोडं किती हे वेगळं राहील. केंद्रात लोखंडी सळई पुरावी. शेऱ्याचा रकाना संगणकात सक्तीचा करावा. प्रत्येक टोळीत त्या गावचा एक जाणकार रोजंदारीवर घ्यावा आणि फॉर्मवर त्यानं सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहावं. शास्त्रीय नाव नंतर आम्ही जुळवू.

सळई लगेच मान्य झाली, कारण खर्च किरकोळ. जाणकाराच्या मजुरीसाठी कुठलं लेखाशीर्ष लावायचं यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे. लहान खोडांची मागणी 'टोळीचा वेळ वाढेल' म्हणून अडली. ते खरंही आहे, कापून फुटलेल्या प्लॉटमध्ये त्यानं दिवस दुप्पट होईल. मी ती सगळ्या विभागाऐवजी फक्त सदाहरित आणि निमसदाहरित प्लॉटपुरती पुन्हा लिहून पाठवली आहे. संगणकातल्या प्रजातींच्या यादीत अंजनी घातली गेली. मी स्वतः बसून घातली. अंजनही ठेवला, फक्त त्याच्यापुढे कंसात 'खानदेश, विदर्भ' लिहिलं. दिवाळीनंतर पावसाळी वाटा सुकल्या की मोजणीची नवी फेरी सुरू होते. लातूरच्या त्या वनरक्षकाची बदली झाली नाही तर पहिला प्लॉट त्याच्या बीटमध्ये आहे.